तुडतुड्याची लाळ

एका दिवाळीआधीची गोष्ट. सण आठ-दहा दिवसांवर आला होता आणि मी माहेरी फोन लावून भावाशी बोलत होते. मोठ्याने बोलण्याची माझी सवय वर्गात लागलेली, ती काही जात नाही. "यंदा मावा फार आहे म्हणतोस? आणि चिकटाही पडला का?" एवढे शब्द शेजारच्या वहिनींच्या कानांवर गेले. मी फोन ठेवते न ठेवते तोच त्या दारात हजर! "अहो, कुठे मिळतोय मावा? आमचा डेअरीवाला तर पाव किलोसुद्धा नाही म्हणतो. थोडा चिकट असला तरी चालेल, गुलाबजामच करायचे आहेत."

त्यांची निराशा करणे मला भाग होते. माझ्या माहेरचा मावा म्हणजे कपाशीच्या पानामागे दाटीवाटीने बसणारा, टाचणीच्या डोक्याएवढा, हिरवट-काळसर किडा. आणि चिकटा म्हणजे त्याने पिऊन जास्त झालेला आणि मागल्या दाराने बाहेर टाकलेला गोड रस. हे ऐकल्यावर वहिनींनी त्या वर्षी गुलाबजामांऐवजी चिरोटे केले. माझ्या बोलण्याचा परिणाम इतक्या त्वरेने झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आणि जिथे तो व्हायला हवा होता तिथे तर मी बोललेच नव्हते. ती हकीकत पुढे येईलच.

माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याच्या बाजूचे. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी, आमची 'शकुंतला', दारव्ह्यावरून जात असे. आता ती बंद पडली आहे. काळी जमीन, पाण्यासाठी वर आभाळाकडे डोळे, आणि घरात जो पैसा येई तो कापसाचा. बहिणीचे लग्न कापसावर, आईची नथ कापसावर, दिवाळीच्या पणत्यांतल्या वातीसुद्धा घरच्याच कापसाच्या. शेतातल्या उभ्या कपाशीला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. 'पऱ्हाटी कशी आहे?' हे आधी विचारायचे आणि 'तब्येत कशी आहे?' हे मागाहून. त्याच पऱ्हाटीच्या जिवावर मी शिकले, प्राणिशास्त्र घेऊन एम. एस्सी. झाले, आणि पुण्याच्या एका महाविद्यालयात तेहतीस वर्षे किडे शिकवून निवृत्त झाले. विद्यार्थी मला 'किड्यांच्या बाई' म्हणत. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

कीटकांची तोंडे हा माझा आवडता धडा. नाकतोड्याचे तोंड, फुलपाखराचे तोंड, डासाचे तोंड अशी चित्रे मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढी. पण खरा रंग भरे तो ढेकणाच्या कुळावर आल्यावर. हे कूळ फार मोठे. बाजेतला ढेकूण त्यातलाच. मावा, तुडतुडा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे सगळे त्याचे भाऊबंद. आणि ज्याच्या अंगातून पाझरलेल्या लाखेच्या बांगड्या आपण हौसेने भरतो, तो लाखेचा किडाही त्याच घराण्यातला. एका घरात चोर निघावा आणि सोनारही निघावा, तसला प्रकार.

या कुळाला चावता येत नाही. जबडे आहेत, पण त्यांच्या चार सुया झालेल्या आहेत. दोन बाहेरच्या, दोन आतल्या. आतल्या दोघी एकमेकींत अशा चपखल बसतात की त्यांच्यामध्ये दोन बारीक नळ्या तयार होतात. एकीतून झाडाचा रस वर येतो आणि दुसरीतून किड्याची लाळ खाली जाते. चौघींची मिळून जी जुडी होते ती केसाहून कितीतरी बारीक, आणि एरवी सोंडेच्या खोबणीत म्यानातल्या तलवारीसारखी जपून ठेवलेली.

रस पिणाऱ्याला लाळ हवीच कशाला, असा प्रश्न दरवर्षी एखादी चुणचुणीत मुलगी विचारी. शहाळ्यात नळी घालायची आणि ओढायचे, त्यात लाळेचे काय काम? पण पान म्हणजे शहाळे नव्हे. त्यात लाखो बारीक खोल्या, त्यांच्या भिंती, त्या भिंतींमध्ये गिलावा, आणि गोड रसाच्या नळ्या कुठल्या कुठे आत. तिथवर वाट काढायची ती लाळेने. मावा दोन प्रकारची लाळ सोडतो. एक घट्ट; ती बाहेर पडताच गोठते आणि सुयांभोवती नळकांडे तयार करते. विहीर खणताना बाजू ढासळू नये म्हणून आपण कडी उतरवतो ना, तसे. दुसरी पातळ, तिच्यात निरनिराळी विकरे असतात. विकर म्हणजे एखादी रासायनिक घडामोड झपाट्याने घडवून आणणारा पदार्थ. स्वतः खर्ची न पडता तो काम करीत राहतो.

ही विकरे समजावून सांगायला मला स्वयंपाकघर फार उपयोगी पडे. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते ते पेक्टिन. झाडाच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या बऱ्याच अंशी याच पेक्टिनने. या कुळातल्या पुष्कळ किड्यांच्या लाळेत ते विरघळवणारे विकर असते. ते सोडले की गिलावा सैल होतो आणि सुई दोन खोल्यांमधून वाट काढते. पोळीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो, कारण आपल्या लाळेतले विकर पिठाची साखर करू लागते. तशाच कामाचे विकर काही किड्यांच्या लाळेतही सापडते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते, ती करामत आणखी एका विकराची. झाड जखमेवर जे कडवट, विषारी पदार्थ सोडते, त्यांचा काटा किड्याच्या लाळेतली असलीच विकरे काढीत असावीत, असे ऑस्ट्रेलियाच्या पीटर माइल्स या शास्त्रज्ञाने मांडले. या गृहस्थाने आयुष्यभर ढेकणाच्या कुळाच्या लाळेचाच अभ्यास केला. त्यांच्या घरी पाहुण्यांशी गप्पा कसल्या रंगत असतील, हे माझ्या मनात नेहमी येई.

मग येई ती सोन्याच्या तारेची गोष्ट. १९६४ साली कॅलिफोर्नियात मॅक्लीन आणि किन्सी या दोघांनी माव्याच्या पाठीवर एक बारीक तार चिकटवली आणि झाडातून अगदी सौम्य वीज सोडली. किड्याने सुई टोचली की विजेचा फेरा पूर्ण व्हायचा, आणि तो काय करतो आहे त्याप्रमाणे कागदावरची रेघ वरखाली नाचायची. पुढे हॉलंडमध्ये तियालिंगी यांनी ही रीत आणखी सुधारली. तार सोन्याची वापरतात. बारीक, लवचिक आणि किड्याला पेलेल अशी. "म्हणजे माव्याच्या बायकांनासुद्धा सोन्याची साखळी!" असे मागल्या बाकावरून एकदा कोणी म्हणाले होते, आणि म्हणणाराला कळलेही नव्हते की तो खरेच बोलला; पानावर दिसतात त्या बहुतेक साऱ्या माद्याच असतात आणि त्या नराविना पिल्ले देतात.

त्या नाचणाऱ्या रेघेवरून कळले की रसाच्या नळीत सुई पोहोचताच मावा पीत नाही. आधी तो तीत लाळ सोडतो, आणि मगच प्यायला लागतो. का? तर झाडाची नळी फुटली की ती स्वतःला बुजवून घेते, आपल्या जखमेवर रक्त गोठावे तशी. २००७ साली जर्मनीतल्या गीसेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की माव्याच्या लाळेतली प्रथिने तिथले कॅल्शियम धरून ठेवतात आणि ते बुजणेच थांबवतात. डासाची लाळ आपले रक्त गोठू देत नाही, तीच युक्ती. एकदा नळ उघडा राहिला की माव्याला ओढावेही लागत नाही. केंब्रिजमध्ये केनेडी आणि मिटलर यांनी १९५३ साली पीत बसलेल्या माव्याला कापून दूर केले आणि सुया तेवढ्या झाडात ठेवल्या, तर रस आपला झरतच राहिला! त्या रसात साखर रगड आणि बाकीचे सत्त्व थोडे, म्हणून किडा गरजेपेक्षा फार पितो आणि उरलेली साखर टाकून देतो. तोच चिकटा. त्यावर काळी बुरशी चढते आणि पान जणू काजळी धरते.

असे मी शिकवीत असे. वर्ग खूष, मी खूष. घंटा झाली की फळा पुसून घरी.

आता तुडतुड्याकडे येते, कारण माझे खरे देणे त्याचे आहे. हा फिकट हिरवा, पाचरीच्या आकाराचा, तीन-एक मिलिमीटर लांबीचा किडा. पंखांवर एकेक काळा ठिपका. पानाला हात लावला की टुणकन उडतो. त्याची पिल्ले उडत नाहीत, खेकड्यासारखी तिरपी पळतात. माव्याचे वागणे निदान सभ्य चोराचे. नळ उघडतो, पितो, फार मोडतोड करीत नाही. तुडतुडा तसा नाही. तो सुया आत घालून मागेपुढे करतो, पेशी फोडतो, त्यांवर पातळ लाळ ओततो आणि ते कालवण शोषून घेतो. बटाट्यावरच्या त्याच्या अमेरिकन चुलतभावाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यावरून असे दिसते की नुकसान रस गेल्याचे कमी आणि जखम अधिक लाळ यांच्यामुळे होणाऱ्या बिघाडाचे जास्त. रसाच्या वाहिन्यांतल्या पेशी वेड्यावाकड्या फुगतात, वाट तुंबते, पानात तयार झालेली साखर पानातच अडकून बसते. कडा आधी पिवळ्या होतात, मग खाली वळतात, मग तांबड्या होतात आणि शेवटी करपतात. पान उपाशी मरत नाही, तुंबून मरते.

हे तांबडेपण आमच्याकडे 'लाल्या' या नावाने ओळखतात. लाल्या काही एकट्या तुडतुड्याने येत नाही. जमिनीत मॅग्नेशियम कमी पडले, रात्री एकदम गार झाल्या, तरीही पऱ्हाटी लाल होते. पण शेतकऱ्याला लांबून लाल रंग तेवढा दिसतो, आणि त्याच्या काळजात धस्स होते.

माझ्या आजोबांच्या वेळी हे धस्स होणे फारसे नव्हते. ते गावरानी, म्हणजे देशी जातीचा कापूस लावीत. त्याचा धागा आखूड, भाव कमी; पण देशी कापूस रस पिणाऱ्या किड्यांना बराच पुरून उरतो. लांब धाग्याच्या अमेरिकन जातीला हे तितके जमत नाही. त्यातही पानावर दाट लव असली तर तुडतुड्याला नीट टेकता येत नाही, आणि मादीला पानाच्या शिरेत अंडी घालणे कठीण जाते. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथे पार्नेल यांनी १९२० नंतरच्या वर्षांत अशा लवेच्याच जाती निवडून तिथला कापूस वाचवला. मौज अशी, की हीच लव पांढऱ्या माशीला मात्र आवडते. एकाला दार लावावे तर दुसऱ्याला ते उघडे!

१९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी कापसाचे पहिले संकरित बियाणे, 'एच-४', काढले आणि पुढे संकरित कापूस आमच्याही काळ्या जमिनीत आला. उत्पन्न वाढले, तशी खतेही वाढली. हिरवेगार लुसलुशीत पान जसे आपल्याला आवडते तसे तुडतुड्यालाही आवडते. २००२ मध्ये बीटी आले. बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच, मग फवारणी संपली, असे सगळ्यांना वाटले. पण ते प्रथिन अळ्यांसाठी. रस पिणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. वर, अळीसाठी बाजारात आलेल्या शेकडो संकरित जातींपैकी पुष्कळ तुडतुड्याला नाजूक निघाल्या. बियाण्याला औषध चोळून येई, त्याने सुरुवातीचे काही आठवडे निभत. पुढे किडे त्या औषधालाही सरावले. मग पंप पुन्हा पाठीवर चढला.

२०१७ साली आमची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. त्यात तुडतुडे, फुलकिडे, आणि त्यांच्या जोडीला गुलाबी बोंडअळीचे भय. भाऊ तालुक्याला गेला. दुकानदाराने तीन बाटल्या काढून दिल्या आणि तिन्ही एकत्र कर म्हणाला. पितृपक्षातले दिवस, ऊन कडक, अंगातून घामाच्या धारा. तोंडाला रुमाल, पायांत चपला, आणि डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत शिरून समोर तुषार उडवायचे, म्हणजे ते नाकातोंडावरच यायचे. त्याने सकाळपासून बारा पंप मारले. तिसऱ्या प्रहरी धुऱ्यावर येऊन बसला तो उठलाच नाही.

भाच्याने त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एकाला धरायला लावून, यवतमाळला नेले. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून पोहोचले तेव्हा तो शुद्धीवर येत होता. खाटांच्या रांगेत त्याच्यासारखेच कितीतरी होते. त्या मोसमात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले, हे सगळ्या देशाने वर्तमानपत्रांत वाचले आहे. माझा भाऊ वाचला. भावजय पायथ्याशी बसली होती. ती मला एवढेच म्हणाली, "ताई, लाळ गळत होती हो. लहान लेकरासारखी. पुसू पुसू माह्या लुगड्याचा पदर ओला झाला, पन थांबेच ना."

लाळ. हा शब्द मी तेहतीस वर्षे वर्गात वापरला होता.

तिला काय झाले होते हे कळत नव्हते. मला कळत होते. आपल्या नसा एकमेकींना निरोप देतात तो एका रसायनाने, आणि निरोप पोहोचला की ते रसायन पुसून टाकायला एक विकर असते. भावाच्या तीन बाटल्यांपैकी एकीतले औषध ज्या ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातले होते, ते हेच विकर बंद पाडते. मग निरोप पुसलाच जात नाही. घाम, अश्रू, लाळ वाहतच राहतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात, आणि शेवटी श्वास अडतो. तुडतुडाही असाच मरतो, कारण ते विकर त्याच्याही नसांत आहे. या बाबतीत माणूस आणि तुडतुडा यांत निसर्गाने फारसा भेद ठेवला नाही. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे या कुळातली कीटकनाशके शोधीत होते, तेव्हा १९३६ साली त्यांच्या हाती टाबुन लागला. तो पुढे युद्धासाठी विषारी वायू म्हणून साठवला गेला. किड्यासाठी काढलेले आणि माणसासाठी काढलेले, दोन्ही एकाच चुलीवरचे. उताराही पुन्हा झाडाचाच. अॅट्रोपिन हे आपल्या धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींत सापडते. लाळ आणि छातीतला ओलावा सुकेपर्यंत डॉक्टर ते टोचत राहतात.

चौथ्या दिवशी भाऊ उठून बसला. मी त्याचे मन रमावे म्हणून, आणि खरे सांगायचे तर गप्प बसवेना म्हणून, त्याला हे सगळे सांगत सुटले. चार सुया, दोन नळ्या, दोन लाळा, तुंबलेले पान. वर्गातल्यासारखीच मी रंगले होते. त्याने सगळे ऐकून घेतले. मग हळू आवाजात विचारले, "बाई, हे सारं तुले पयलेपासून मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

रागाने नव्हे हो. खरोखरीच उत्तर हवे होते म्हणून त्याने विचारले. दर दिवाळीला मी माहेरी जात होते. पऱ्हाटी कशी आहे, असे विचारीतही होते. पण वावरात जाऊन एक पान उलटून पाहावे, असे त्या तेहतीस वर्षांत मला एकदाही वाटले नाही. कीटक मी शिकवले ते कुपीतले. आणि वावरात असत त्या 'किडी', त्यांचे पाहणे भावाकडे. ही वाटणी कोणी केली कोण जाणे. मी त्याला काहीच उत्तर दिले नाही. पाण्याचा पेला भरून ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

पुढच्या वर्षी मी पोळ्यालाच गेले. पिशवीत दहापट मोठे दाखवणारे भिंग घेतले होते. भाऊ घरीच होता. उजव्या हाताचा कंप अजून गेला नव्हता, आणि पंपाच्या वासाने त्याला मळमळे. फवारणी आता भाच्याकडे आली होती. भावजय म्हणाली, "तुमी पुन्याहून सांगता ताई, पन पीक गेलं तं सावकार माह्या दारात येते." तिचे म्हणणे खोटे नव्हते. फवारू नका, असे सांगायला मी आलेच नव्हते. मी एवढेच म्हटले, की आधी मोजू.

मोजण्याची रीत काही माझी नव्हे, कृषी विद्यापीठे ती कधीपासून सांगत आहेत. एकरात इकडून तिकडून वीस झाडे निवडायची, प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने उलटून पाहायची. तुडतुडे दर पानी सरासरी दोन-तीन, किंवा मावा दहा, याच्या खाली असेल तर औषधाचा पैसाही वाया आणि जीवही धोक्यात. कारण ढालकिडा आणि क्रायसोपा हे माव्याला खाऊन फस्त करणारे मित्र आपल्या हाताने मारले जातात, आणि मावा मात्र आठवड्याभरात पुन्हा हजर होतो. भाचा प्रथम हसला. पण भिंगातून त्याने पहिले पिल्लू तिरपे पळताना पाहिले आणि त्याचा चेहराच बदलला. "आत्या, हा तं नाचते!" म्हणाला, आणि मग साठ पाने पुरी केल्याशिवाय उठला नाही. पिल्लाने सोंड टेकली की नाही हे पाहायला तो पानाला नाक लावून बसे. सरासरी दीडही भरली नाही. लांबून मात्र वावराचा तो कोपरा लाल दिसत होता. तिथे पाणी साचले होते, एवढेच.

भावाने भिंगाला हात लावला नाही. "माह्या हात हालते, मले काय दिसन," म्हणाला.

दर वर्षी सगळे गोड झाले असे समजू नये. २०१९ मध्ये भाच्याने माझे ऐकून थांबण्यात आठवडा घालवला, आकाश ढगाळ राहिले, तुडतुडे एकदम वाढले आणि दोन एकरांतली पाने करपली. त्या दिवाळीला भावजय माझ्याशी तुटक बोलत होती. मी वाती वळत बसले. त्या वेळी तुडतुड्याबद्दल बोलण्यात शहाणपण नव्हते. पण उन्हाळ्यात मात्र तिनेच लिंबाखाली लुगडे अंथरून निंबोळ्या गोळा केल्या, वाळवल्या आणि कुटून डबा भरून ठेवला. शंभर लिटर पाण्याला पाच किलो, रात्रभर भिजवून गाळायचे, हे प्रमाण तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहिले आहे.

२०२२ च्या जुलैत विदर्भात पाऊस फार झाला. ऑगस्टअखेर भाच्याचा फोन आला. "आत्या, एक पॉइंट दोन." निंबोळीचा अर्क मारा, म्हटले. आठ दिवसांनी, "एक पॉइंट आठ." थांबू. पुन्हा पाच दिवसांनी, "आत्या, अडीचच्या वर गेले. पिल्लं लय आहेत. पानाच्या कडा वळाल्या." आता माझीही खात्री होती. मी त्याला बाटलीवरची चिठ्ठी फोनवर मोठ्याने वाचायला लावली, एक-एक अक्षर. एकच औषध, त्या जुन्या कुळातले नव्हे, दुसऱ्या कशात मिसळायचे नाही. भावजयीने जुन्या शर्टाच्या बाह्या लांब करून शिवल्या होत्या. हातमोजे आणि चष्मा मी पुण्याहून पाठवले होते.

फवारणीच्या दिवशी मी तिथे नव्हते. भाच्याने मागाहून सांगितले. भाऊ पहाटेच वावरात जाऊन धुऱ्यावर बसला होता. सोबत गेल्या सालचा मूठभर कापूस नेला होता. भाचा पंप भरून उभा राहिला तरी त्याने हात वर करून त्याला थांबवून ठेवले. कापसाची एक पुंजी बोटांत धरून त्याने हवेत सोडली आणि ती कुठे जाते ते पाहिले. मग म्हणाला, "जाय आता. तिकून ये." आणि दर पंपाला असेच. त्याचा हात थरथरत होता, म्हणून पुंजी चिमटीतून आपोआपच सुटत होती.